होडी ठेवण्याचा कागद

मे महिना सरत आला की समुद्र पालटतो. वारा फिरतो. लाटा उंच होतात. कोकणातला मच्छीमार जाळी धुतो, सुकवतो आणि गुंडाळून ठेवतो. मग होडी पाण्याबाहेर ओढतो. झावळ्यांची झापं किंवा ताडपत्री घालून ती शाकारतो. ही रीत वाडवडलांपासून चालत आली आहे.

आता या रीतीला कायद्याची जोड आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दरसाल १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्राच्या नौकांना मासेमारी बंद असते. हे दिवस माशांच्या विणीचे. शिवाय समुद्रही खवळलेला. यंत्र नसलेल्या पारंपरिक होड्यांना ही बंदी नाही. पण बाकी सगळ्या होड्या निदान दोन महिने एका जागी उभ्या राहतात. पुष्कळदा अडीच-तीन महिनेही जातात.

त्या कुठे उभ्या राहतात? कोणी गावच्या किनाऱ्यावरच उंचावर ओढून ठेवतो. कोणी खाडीत आत नेऊन नांगरतो. आणि ज्याला किनाऱ्यावर जागा मिळत नाही, तो दुसऱ्याच्या वाडीत किंवा आवारात भाड्याने जागा घेतो. हल्ली असे भाड्याने होडी ठेवणे वाढले आहे. त्यासाठी जागावाला एक कागद पुढे करतो. म्हणतो, "नाखवा, इथं सही करा."

आपण सही करतो. कागद काय म्हणतो ते वाचत नाही. वाचता येत असले तरी वाचत नाही. घाई असते, आभाळ भरून आलेले असते, ट्रॅक्टरवाला ओरडत असतो. पण होडी म्हणजे घराची मिळकत. तिच्यावर सोसायटीचे नाहीतर बँकेचे कर्ज असते. तिच्यावर आपल्या घराबरोबर खलाशांच्या घरच्या चुली पेटतात. असली वस्तू दोन महिने दुसऱ्याच्या जागेत राहणार. तेव्हा तो कागद कसा वाचावा, ते या पाठात पाहू.

१. तोंडी बोली आणि लेखी बोली

पुष्कळांना वाटते, कागद केला तरच करार होतो. तसे नाही. आपल्या देशात करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. त्या कायद्याप्रमाणे तोंडी ठरलेला व्यवहारही करारच असतो. तुम्ही म्हणालात, "दोन महिने होडी ठेवतो, तीन हजार देतो." जागावाला म्हणाला, "ठीक." झाला करार.

मग कागद कशाला? तर आठवण राहावी म्हणून. जूनमध्ये काय बोललो ते ऑगस्टमध्ये दोघांनाही वेगवेगळे आठवते. त्यात खोटेपणा असतोच असे नाही. माणसाचे मन आपल्या सोयीचे तेवढे लक्षात ठेवते. कागद मात्र जूनमध्ये जे बोलला तेच ऑगस्टमध्ये बोलतो.

पण कागदाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. तोंडी एक बोलणे झाले आणि कागदावर दुसरेच लिहिले असले, तर पुढे कागदच खरा धरला जातो. "तो मला तोंडी असं म्हणाला होता" हे कोर्टात टिकवणे फार अवघड. म्हणून जे तोंडी ठरले ते कागदावर आले की नाही, हे आधी पाहावे.

२. मुख्य प्रश्न: जागा घेतली की होडी सांभाळायला दिली?

हा या पाठातला सर्वांत मोठा मुद्दा. तो नीट समजून घ्या.

गुरांचे उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही शेजाऱ्याचा गोठा भाड्याने घेतलात. आपली गाय तिथे बांधलीत. चारा तुम्ही घालता, पाणी तुम्ही दाखवता, दावे तुम्ही सोडता. शेजारी फक्त गोठ्याचे भाडे घेतो. एके रात्री गाय दावे तोडून पळाली. शेजाऱ्याला बोल लावता येईल का? नाही. त्याने गोठा दिला, गाय सांभाळायचे कबूल केले नव्हते.

आता समजा, तीच गाय तुम्ही दुसऱ्याकडे राखणीला दिलीत. "दोन महिने सांभाळ, राखणीचे पैसे देतो," म्हणालात. त्याने गाय ताब्यात घेतली. आता गाय हरवली तर तोच जबाब देईल. कारण गाय त्याच्या हवाली होती.

होडीचेही असेच आहे. कागदावर असे लिहिले असेल:

"जागावाल्याने आपल्या वाडीतील जागा होडी उभी करण्यासाठी भाड्याने दिली आहे."

तर तुम्ही गोठा घेतलात. होडीवर नजर ठेवणे, पाणी काढणे, दोर आवळणे हे सगळे तुमच्याकडे.

आणि असे लिहिले असेल:

"जागावाल्याने होडी आपल्या ताब्यात सांभाळण्यासाठी घेतली आहे."

तर तुम्ही गाय राखणीला दिलीत. आता काळजी घेणे त्याच्याकडे आले. किती काळजी? कायदा सांगतो, एखादा शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी. त्याहून जास्त नाही, कमीही नाही.

दोन वाक्यांत फरक थोड्या शब्दांचा आहे. पण होडी बुडाली, मोडली किंवा चोरीला गेली, तर भरपाई कोणी द्यायची हे त्या थोड्या शब्दांवर ठरते.

कागद गोलमाल असेल तर काय? मग पाहिले जाते की होडी खरोखर कोणाच्या ताब्यात होती. आवाराला कुलूप कोणाचे? किल्ली कोणाकडे? राखणदार कोणाचा? होडी हलवायची तर कोणाला विचारावे लागत होते? कुलूप, किल्ली, राखणदार सगळे जागावाल्याचे असेल, तर होडी त्याच्या हवाली होती असे म्हणायला बळ येते.

भाडे कोणत्या गोष्टीचे घेतले जाते, तेही पाहा. जागेचे भाडे स्वस्त असते. सांभाळण्याचे पैसे जास्त असतात, कारण त्यात माणसाची मेहनत आहे. स्वस्तात जागा घ्यायची असेल तर खुशाल घ्या. मात्र मग राखणीची व्यवस्था स्वतः करा. भाडे गोठ्याचे द्यायचे आणि अपेक्षा राखणीची ठेवायची, हे चालत नाही. तसेच पैसे राखणीचे द्यायचे आणि कागदावर फक्त गोठा घ्यायचा, हेही चालू देऊ नये.

३. "मालकाच्या जबाबदारीवर"

पुष्कळ कागदांवर खाली बारीक अक्षरांत एक वाक्य असते: "होडी मालकाच्या स्वतःच्या जबाबदारीवर ठेवलेली आहे. नुकसान झाल्यास जागावाला जबाबदार नाही." कधी आवाराच्या फाटकावरही अशी पाटी असते.

हे वाक्य वाचून माणूस हबकतो. त्याला वाटते, आता सगळेच संपले. तसे नाही.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्याचा निकाल दिला. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात १९९८ साली एक गृहस्थ मोटार घेऊन गेले होते. त्यांनी मोटारीची किल्ली हॉटेलच्या नोकराकडे दिली. नोकराने मोटार उभी केली. नंतर ती चोरीला गेली. हॉटेल म्हणाले, आमच्या चिठ्ठीवर लिहिले आहे की मोटार मालकाच्या जबाबदारीवर आहे. न्यायालयाने सांगितले की मोटार तुमच्या हवाली केली होती. तुम्ही योग्य काळजी घेतली हे तुम्हीच दाखवले पाहिजे. तुमच्या स्वतःच्या निष्काळजीपणातून या वाक्याच्या आधाराने सुटता येणार नाही.

यातून आपण काय घ्यायचे? दोन गोष्टी. पहिली, वस्तू हवाली केली असेल तरच ही मदत होते. म्हणजे पुन्हा तोच गोठ्याचा आणि राखणीचा प्रश्न. दुसरी, हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाली निघायला चोरीपासून एकवीस वर्षे लागली. आपल्याला एकवीस वर्षे थांबायचे नाही. म्हणून ते वाक्य सहीपूर्वीच बदलून घ्यावे. असे लिहावे: "नैसर्गिक आपत्तीने झालेल्या नुकसानीस जागावाला जबाबदार नाही. त्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास तो भरून देईल." हे दोघांनाही न्यायाचे आहे.

४. वादळ आणि तारीख

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत घरे, माड, पोफळी आणि होड्या यांचे फार नुकसान झाले. पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ कोकणाला घासून वर गेले आणि १७ मे रोजी गुजरातच्या किनाऱ्याला धडकले.

या दोन तारखा पुन्हा वाचा. एक जूनच्या तिसऱ्या दिवसाची. दुसरी मे महिन्यातली, म्हणजे मासेमारी बंद होण्याच्या आधीची. यावरून कळते की कागद कोणत्या तारखेपासून चालू होतो, हे फार महत्त्वाचे आहे. होडी वाडीत आली १० मे रोजी आणि कागदावर लिहिले "१ जूनपासून", तर मधले बावीस दिवस होडी कोणाच्या भरवशावर? वाद घालायला जागा राहते. म्हणून नियम असा: होडी ज्या दिवशी जागेत आली, त्याच दिवसाची तारीख कागदावर हवी.

वादळ कोणाच्या हातात नसते. त्याने झालेल्या नुकसानीबद्दल सांभाळणाऱ्याला दोष देता येत नाही. पण वादळाची सूचना आधी मिळते. रेडिओवर सांगतात, मोबाइलवर संदेश येतो, बंदरावर बावटा लागतो. सूचना मिळूनही होडी बांधली नाही, टेकू तपासले नाहीत, मालकाला कळवले नाही, तर तो निष्काळजीपणा होऊ शकतो. म्हणून कागदावर लिहून घ्या: वादळाची सूचना आल्यास होडी कोण आवळून बांधील? मालकाला फोन कोण करील? दोर कोणाचा?

उधाणाचेही विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी येते. पावसाळ्यात वाऱ्याचा जोर मिळाला की पाणी नेहमीच्या रेषेच्या पुढे चढते. जागा त्या रेषेच्या किती वर आहे, ते स्वतः जाऊन पाहा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आजोबा, मोठ्या उधाणाला पाणी कुठवर येतं?" तो बोट दाखवील ती खूण खरी.

५. पावसाच्या पाण्याचा हिशेब

होडी किनाऱ्यावर आहे, मग ती बुडणार कशी, असे कोणी म्हणेल. पण उभी होडी पाण्याच्या वजनाने मोडते. हिशेब करून पाहू.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तुमची होडी सहा मीटर लांब आणि सरासरी दीड मीटर रुंद आहे असे धरा. सहा गुणिले दीड म्हणजे नऊ चौरस मीटर. कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे नवलाचे नाही. नऊ गुणिले शंभर म्हणजे नऊशे लिटर. म्हणजेच नऊशे किलो. ताडपत्री फाटली आणि तळाचे बूच बंद राहिले, तर एका दिवसात होडीत नऊ क्विंटल वजन बसते. खाली टेकू कच्चे असले की होडी कलंडते, तळ दबतो, फळ्यांचे सांधे सुटतात किंवा फायबरला चीर जाते.

म्हणून कागदावर चार प्रश्नांची उत्तरे हवीत.

टेकू कोण देणार?
ताडपत्री किंवा झापं कोणाची, आणि फाटली तर कोण बदलणार?
तळाचे बूच उघडे ठेवायचे कोणी?
आठवड्यातून किती वेळा होडी पाहायची आणि कोणी?

या चार गोष्टींवर बहुतेक भांडणे होतात. प्रत्येक जण म्हणतो, "मला वाटलं तू बघशील."

आपल्याकडूनही एक कर्तव्य असते. होडीत धोक्याची वस्तू असेल तर ती सांगितली पाहिजे. टाकीत डिझेल आहे, स्वयंपाकाचा गॅस आहे, एखादी फळी कुजलेली आहे, हे मालकाला ठाऊक असते, जागावाल्याला नसते. न सांगता ठेवले आणि आग लागली, तर त्याचे नुकसान आपल्या माथी येते. गॅस आणि बॅटरी काढून घरी न्यावी. डिझेल राहिलेच तर सांगावे.

६. पैशाचा हिशेब

"महिना पंधराशे" असे ठरले. दोन महिन्यांचे तीन हजार, असे तुम्ही मनात धरले. कागदावर मात्र लिहिले आहे: "दरमहा किंवा महिन्याच्या भागास रुपये १५००." तुम्ही १ जूनला होडी ठेवलीत आणि ३ ऑगस्टला काढलीत. ऑगस्टचे तीनच दिवस झाले. पण महिन्याचा भाग म्हणजे अख्खा महिना धरला. बिल झाले ४५०० रुपये. कागदाप्रमाणे जागावाला चुकला नाही. आपण "भाग" हा शब्द वाचला नाही.

यावर तोड सोपी आहे. असे लिहून घ्यावे: "१ जून ते १५ ऑगस्ट, पूर्ण हंगामाचे मिळून रुपये अमुक. त्यापुढे दर दिवसास रुपये अमुक." मग वाद उरत नाही.

शिवाय हेही पाहा. होडी वर चढवण्याचे आणि खाली उतरवण्याचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे? ट्रॅक्टर, क्रेन किंवा ओढणाऱ्या माणसांची मजुरी कोण देणार? अनामत रक्कम घेतली असेल तर ती परत कधी मिळणार? उशीर झाल्यास दंड आहे का? आणि पैसे दिले की पावती घ्या. मोबाइलवरून पैसे पाठवले तरी त्याची नोंद जपून ठेवा.

७. होडी बाहेर निघेल ना?

हंगाम उघडतो तेव्हाचे पहिले दिवस मोलाचे असतात. समुद्र दोन महिने विसावलेला असतो. मासळी मिळते, भावही मिळतो. त्या वेळी सगळ्यांनाच होडी एकदम उतरवायची असते. ट्रॅक्टर एक आणि होड्या चाळीस. त्यात तुमची होडी आवारात सर्वांत मागे उभी. पुढच्या हलल्याशिवाय तुमची निघत नाही. पुढच्याचे इंजिन दुरुस्तीला गेले आहे. झाले! आठवडा गेला.

म्हणून होडी आत घालतानाच बाहेर काढण्याचा विचार करा. कागदावर तारीख घाला: "मालकाने तीन दिवस आधी कळवल्यास जागावाला अमुक तारखेला होडी उतरवण्यास वाट मोकळी करून देईल." ठरलेल्या वेळी वस्तू परत दिली नाही, तर त्यानंतर होणाऱ्या नुकसानीला सांभाळणारा जबाबदार धरला जातो, असे कायदा सांगतो. पण ठरलेली वेळ कागदावर असली तरच ती दाखवता येईल.

आता बाकीचे पैसे. भाडे थकले तर जागावाला होडी अडवू शकतो का? कागदावर तसे लिहिलेले असते का, ते पाहा. होडीची दुरुस्ती केली असेल तर गोष्ट वेगळी. दुरुस्तीची मजुरी मिळेपर्यंत कारागिराला ती वस्तू ठेवून घेता येते. पण अडवून ठेवणे वेगळे आणि विकणे वेगळे. "भाडे न दिल्यास जागावाला होडी विकून पैसे वसूल करील" असे वाक्य कागदावर दिसले, तर सही करू नका. ते खोडायला सांगा. विशेषतः होडी कर्जाची असेल तर तिच्यावर सोसायटीचा किंवा बँकेचाही हक्क असतो. तसेच "जागावाला मालकाच्या खर्चाने लागेल ती दुरुस्ती करील" हे वाक्यही धोक्याचे. तिथे लिहावे, "मालकास विचारून आणि खर्च ठरवून."

विमा असेल तर विमा कंपनीला आधीच विचारावे, "होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर उभी असताना विमा चालू असतो का?" उत्तर लेखी घ्यावे.

८. यादी आणि फोटो

होडी ठेवली म्हणजे काय काय ठेवले? इंजिन होते की काढून नेले? पंखा, नांगर, दोर, वल्ही, दिवे होते का? ऑगस्टमध्ये नांगर सापडला नाही तर तो जूनमध्ये होता हे कसे दाखवणार?

म्हणून यादी करावी. एकेका ओळीवर एकेक वस्तू. होडीच्या अंगावर रंगवलेला नोंदणीचा नंबर जसाच्या तसा उतरवावा. आधीची मोडतोड असेल तर तीही प्रामाणिकपणे लिहावी. यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. मग मोबाइलने चारी बाजूंनी, आतून आणि तळाखालून फोटो काढावेत. उतरवताना पुन्हा काढावेत. दोन फोटो शेजारी ठेवले की भांडण बरेचसे आपोआप मिटते.

९. सही करण्यापूर्वी

कागद घरी आणावा. एका जागी बसून मोठ्याने वाचावा. घरातल्या बाईनेही ऐकावा, नव्हे, वाचावा. पुष्कळ घरांत मासळीचा पैसा तिच्याच हातातून येतो-जातो, हिशेबाची बारकाई तिला अधिक असते. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारावी आणि विचारावे. विचारण्यात लाज कसली? इंग्रजीत लिहिलेला कागद असेल तर मराठीत मागावा.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये. मोकळ्या जागा असतील तिथे आडवी रेघ मारावी. खाडाखोड केली तर तिथे दोघांनी सही करावी. प्रत्येक पानावर सही असावी. दोन प्रती कराव्यात, एक आपल्याकडे. दोन साक्षीदार असावेत. मुद्रांकाचे दर बदलतात. महाराष्ट्रात पूर्वी १०० रुपयांच्या मुद्रांकावर होणारे पुष्कळ कागद ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करावे लागतात. तुमच्या कागदाला किती लागेल ते मुद्रांक विक्रेत्याला विचारावे.

आपल्या गावात एक अडचण येते. जागावाला ओळखीचा असतो, कधी नात्यातला. कागदाची गोष्ट काढली की त्याला राग येतो. अशा वेळी कसे बोलावे?

"काय रे, माझ्यावर विश्वास नाही होय तुझा?" तो म्हणतो.

"विश्वास आहे म्हणून तर होडी इथं आणली, काका," आपण म्हणावे. "पण उद्या तुम्ही मुंबईला पोराकडं गेलात, नि इथं दुसरंच कोणी असलं, तर त्याला मी काय सांगू? कागद असला म्हणजे तुम्हांलाही बरं नि मलाही बरं. कागद आपल्यात भांडण लावायला नाही, भांडण होऊ नये म्हणून आहे."

हे गोडीने सांगितले तर बहुतेक माणसे ऐकतात. ज्याला साध्या कागदाचा राग येतो, त्याच्याकडे होडी ठेवायची की नाही, याचा मात्र विचार करावा.

१०. तरीही नुकसान झाले तर

लगेच फोटो काढा. त्याच दिवशी जागावाल्याला लेखी कळवा आणि प्रत ठेवा. वादळाने नुकसान झाले असेल तर तलाठी आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात कळवून पंचनाम्याची मागणी करा. पंचनाम्यापूर्वी होडी हलवू नका. नोंदणीचे आणि परवान्याचे कागद हाताशी ठेवा. चोरी झाली तर पोलिसांत फिर्याद द्या.

जागावाला ऐकतच नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. स्वतः राबून पोट भरण्यासाठी ज्याने सेवा घेतली, तोही ग्राहक आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. सेवेसाठी दिलेले पैसे पाच लाख रुपयांपर्यंत असतील तर तक्रारीला फी लागत नाही. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी मिळकतीची माणसे यांना तिथे वकिलाची मदत फुकट मिळते.

११. कागदाचा नमुना

पुढे एक साधा नमुना दिला आहे. मोकळ्या जागी आपली माहिती भरावी. हा वहीत एकदा उतरवून काढा. हातही वळेल आणि अर्थही ध्यानात राहील.

होडी सांभाळण्याचा करार
तारीख ........ गाव ........ तालुका ........
होडीचा मालक ........ जागावाला ........
होडीचे नाव ........ नोंदणी नंबर ........

१) वरील होडी जागावाल्याने आजपासून ........ तारखेपर्यंत आपल्या ताब्यात सांभाळण्यासाठी घेतली आहे.
२) पूर्ण मुदतीचे मिळून रुपये ........ ठरले. पैकी रुपये ........ आज पावले. मुदतीनंतर दर दिवसास रुपये ........
३) होडी चढवण्याचा व उतरवण्याचा खर्च ........ करील.
४) टेकू व ताडपत्री ........ देईल. होडी आठवड्यातून ........ वेळा ........ पाहील.
५) वादळाची सूचना आल्यास जागावाला होडी बांधील व मालकास कळवील. दोर ........ देईल.
६) नैसर्गिक आपत्तीने झालेल्या नुकसानीस जागावाला जबाबदार नाही. त्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या निष्काळजीपणाने नुकसान झाल्यास तो भरून देईल.
७) मालकाने तीन दिवस आधी कळवल्यास होडी बाहेर काढण्यास वाट मोकळी करून देण्यात येईल.
८) मालकास विचारल्याशिवाय होडी वापरणे, हलवणे, दुरुस्त करणे, गहाण ठेवणे किंवा विकणे चालणार नाही.
९) सोबत सामानाची यादी जोडली आहे.

मालकाची सही ........ जागावाल्याची सही ........
साक्षीदार १) ........ २) ........

फक्त जागाच घ्यायची असेल तर पहिले कलम बदला. तिथे "जागा भाड्याने घेतली आहे" असे लिहा, चौथ्या आणि पाचव्या कलमात सगळी कामे आपल्या नावावर घ्या, आणि मग ती खरोखर करा.

ज्याला अक्षर येत नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. तुम्हांला आता अक्षर येते. बाजारातल्या पाट्या आणि एस.टी.चे बोर्ड तुम्ही वाचू लागला आहात, ही चांगली गोष्ट आहे. पण ज्या कागदावर आपली मिळकत बांधलेली असते, तो कागद वाचणे हा अक्षर शिकण्याचा खरा उपयोग. यंदा मे महिन्यात होडी ओढण्याआधी एक दिवस राखून ठेवा. आधी कागद वाचा, मग होडी शाकारा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहाल तेव्हा होडी धड असेल आणि जागावाल्याशी बोलणेचालणेही राहील.